टोमॅटोवर करपा आलाय, पण नक्की कुठला? (वारजे, पुणे, उघडी गच्ची)

ओली_कुंडी | १२ ऑगस्ट, सकाळी

नमस्कार मंडळी. वारज्यात तिसऱ्या मजल्यावर उघडी गच्ची आहे. १५ बाय १५ इंची आठ ग्रो बॅगांत टोमॅटो आहेत, रोपं जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावली. वाण संकरित आहे, नाव माहीत नाही. उंची साडेतीन फूट झाली, प्रत्येक झाडाला दोन-तीन घोस हिरवी फळं आहेत.

दहा दिवस झाले, रिपरिप थांबत नाही. आधी खालची पानं पिवळी पडली. त्यांच्यावर तपकिरी डाग आहेत आणि नीट पाहिलं तर डागात एकात एक वर्तुळं दिसतात. परवापासून पश्चिमेच्या कठड्यालगतच्या दोन झाडांवर मात्र वेगळंच दिसतंय. मधल्या आणि वरच्या पानांच्या कडेला तेल सांडल्यासारखे काळपट हिरवे चट्टे आलेत, आणि एका खोडावर बोटभर लांब काळा पट्टा आहे.

हा एकाच रोगाचा पुढचा टप्पा आहे का? रोपवाटिकेतून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी मिळाली आहे, ती फवारू का? आंबट ताक, खायचा सोडा, कडुनिंबाचं तेल यांतलं काही लागू पडतं का? फळं घरात खायची आहेत म्हणून विचारतेय. आणि बाकीची सहा झाडं वाचतील का?


पानावरचा_ठिपका | १२ ऑगस्ट, सकाळी

ताई, हे दोन वेगळे रोग आहेत. दोघांनाही आपण ‘करपा’ म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

वर्तुळांचे डाग म्हणजे लवकर येणारा करपा. तो अल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे येतो. सुरुवात नेहमी खालच्या, जुन्या पानांपासून होते, कारण मातीत पडलेल्या जुन्या काडीकचऱ्यावरचे बीजाणू पावसाच्या थेंबाबरोबर उडून आधी तिथे पोचतात. डाग कोरडा, तपकिरी, निशाणीच्या लक्ष्यासारखा असतो आणि भोवती पिवळी कड असते. २४ ते २९ अंश तापमान त्याला मानवतं. तो सावकाश चढतो. फळांचा भार असलेलं किंवा अन्न कमी पडलेलं झाड त्याला आधी बळी पडतं.

तेलकट चट्टे आणि खोडावरचा काळा पट्टा ही लक्षणं उशिरा येणाऱ्या करप्याची. तो फायटोप्थोरामुळे येतो, आणि फायटोप्थोरा ही खरं तर बुरशी नाहीच. पाण्यातल्या शेवाळांशी नातं सांगणारा तो वेगळाच जीव आहे. १८४५ मध्ये आयर्लंडमधला बटाटा यानेच संपवला. याला गारवा आणि पाणी लागतं: १६ ते २२ अंश, हवेत जवळजवळ पूर्ण आर्द्रता आणि तासन् तास ओलं राहिलेलं पान. पुण्यात झड लागली की दिवसाही पारा पंचविशीच्या पुढे फारसा जात नाही आणि पान वाळायला उसंत मिळत नाही, म्हणजे त्याची सोय झालीच. ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ या शब्दांवर जाऊ नका. आपल्याकडे ऑगस्टात दोघं हातात हात घालून येतात.

खात्री हवी असेल तर आज रात्री एवढं करा. तेलकट चट्ट्याचं एक पान तोडून ओल्या टिश्यूसह पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवीचं तोंड बांधा आणि घरातल्या गार कोपऱ्यात १२ ते २४ तास राहू द्या. फ्रिजमध्ये नको. दुसऱ्या दिवशी पानाच्या खालच्या बाजूला, चट्ट्याच्या कडेने पांढरी विरळ लव दिसली तर उशिरा येणारा करपा नक्की. वर्तुळाच्या डागावर अशी पांढरी लव येत नाही.

दोन-तीन सारखे दिसणारे प्रकारही आताच वगळून टाका. डाग अगदी बारीक, दोन-तीन मिलिमीटरचे, मध्ये राखाडी आणि त्यात काळे कण असतील तर तो सेप्टोरिया, हा वेगळा बुरशीरोग. बारीक, काळे, चिकट दिसणारे आणि वर्तुळ नसलेले डाग बहुधा जिवाणूजन्य ठिपक्यांचे. पानं वाटीसारखी वळून झाड खुरटलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्यावर कुठलंच बुरशीनाशक चालत नाही. फळाचं फक्त बूड काळं, चामड्यासारखं झालं असेल तर तो रोगच नाही. पाणी कधी जास्त कधी कमी झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही, त्याचा तो परिणाम.

आता पुडीबद्दल. कार्बेन्डाझिम फायटोप्थोरावर काम करतच नाही आणि अल्टरनेरियावरही त्याचा उपयोग नगण्य. ‘बुरशीनाशक’ म्हटलं की सगळीकडे तीच पुडी हातात पडते, पण तुमच्या दोन्ही रोगांना ती लागू नाही. कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाचं तयार मिश्रण मिळतं. त्याचा जो थोडाफार गुण दिसतो तो त्यातल्या मँकोझेबचा.


ओली_कुंडी | १३ ऑगस्ट, दुपारी

पिशवी उघडली. पानाच्या मागे चट्ट्याच्या कडेने पांढरी लव आहे, साखरेचा हात लागल्यासारखी. आज त्या दोनांतल्या दुसऱ्या झाडाच्या एका हिरव्या फळावर खांद्याजवळ तपकिरी, कडक, खडबडीत डागही दिसला. आता पुढे?


मोरचूद_आणि_चुना | १३ ऑगस्ट, दुपारी

मग ती दोन झाडं आजच काढा. पान-पान तोडून ती वाचवायला बसू नका. खोडावर पट्टा आला की झाड गेलं. एका ओल्या रात्रीत त्यावर तयार होणारे बीजाणू वाऱ्याने शेजारच्या गच्चीपर्यंत जातात.

काढण्याची पद्धत महत्त्वाची आहे. पाऊस थांबून पानं जरा कोरडी होतील तेव्हा हात घाला. आधी अख्ख्या झाडावर वरून मोठी कचऱ्याची पिशवी ओढा, मगच बुंध्याशी कापा. नाहीतर गच्चीभर झटकत नेणं आलं. पिशवीचं तोंड घट्ट बांधून दोन-तीन दिवस तशीच ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात द्या. सोसायटीतच खतखड्डा असेल आणि तो नीट तापत नसेल, म्हणजे मधोमध हात लावला तर चटका बसत नसेल, तर त्यात टाकू नका. घरच्या कंपोस्ट बास्केटमध्ये तर अजिबात नाही. कात्री स्पिरिटने पुसा आणि हात साबणाने धुवा, मगच बाकीच्या सहा झाडांकडे वळा.

त्या सहांवर वर्तुळांचे डाग असतीलच. मातीपासून एक फुटापर्यंतची सगळी पानं काढा, डाग असोत वा नसोत. त्याच्या वरची फक्त डागाळलेली काढा. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नका. उघडी पडलेली फळं पाऊस थांबल्यावरच्या उन्हात पांढरी पडतात, शिवाय झाडाला अन्न करायला पान हवंच. बगलेतले फुटवे खुडून एक किंवा दोन मुख्य फांद्या ठेवा, त्या काठीला सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या सैल बांधा.

आता फवारणी. एक गोष्ट आधी पक्की डोक्यात ठेवा: ताम्रयुक्त औषध काय किंवा मँकोझेब काय, दोन्ही स्पर्शजन्य आहेत. ती पानाच्या पृष्ठभागावर थर धरून बसतात आणि वर पडलेला बीजाणू रुजू देत नाहीत. आत शिरलेला रोग ती बरा करत नाहीत. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत ३ ते ७ दिवस जातात, त्यामुळे फवारल्यावरही आठवडाभर नवे डाग उमटत राहतील. त्यावरून औषध खोटं निघालं असं ठरवू नका.

तुमच्यापुढे पर्याय असे आहेत. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के: लिटरला २.५ ग्रॅम. किंवा मँकोझेब ७५ टक्के: लिटरला २.५ ग्रॅम. उशिरा येणारा करपा गच्चीत शिरलेला असताना एकदा सायमोक्झॅनिल ८ टक्के अधिक मँकोझेब ६४ टक्के हे मिश्रण लिटरला २ ग्रॅमने मारलं तर चालतं. सायमोक्झॅनिल पानात थोडं आत शिरतं आणि एक-दोन दिवसांपूर्वी झालेली लागण रोखू शकतं. त्यापेक्षा जुनी नाही. दुकानात बहुधा मेटॅलॅक्झिलचं मिश्रण पुढे करतील. पण मेटॅलॅक्झिलला न जुमानणारे फायटोप्थोराचे प्रकार दक्षिण भारतात टोमॅटोवर सापडलेले आहेत, तेव्हा एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नको. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा दोन-तीनशे रुपयांत येतो, तो घ्या आणि त्यावर फक्त औषधच तोला. पावडर आधी अर्ध्या वाटी पाण्यात खळ करून घ्या आणि मग लिटरभर पाण्यात मिसळा. तशीच टाकली तर गाठी नोझलमध्ये अडकतात. स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव) लिटरला अर्धा मिली. साडेतीन फुटी झाडाला १५० ते २०० मिली द्रावण लागतं, सहा झाडांना सव्वा लिटर पुरे. निम्मं पानांच्या खालच्या बाजूला गेलं पाहिजे, कारण पांढरी लव तुम्ही तिथेच पाहिलीत. पानं कोरडी असताना, पुढचे चार तास तरी पाऊस नाही असा अंदाज घेऊन फवारा. पुण्यात श्रावणात असा वेळ सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान सापडला तर सापडला. पाऊस चालू असेल तर सहा-सात दिवसांनी पुन्हा, उघडीप असेल तर दहा दिवसांनी.

मास्क, हातमोजे, चष्मा. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर थांबा.


कुंडीतली_मिरची | १३ ऑगस्ट, संध्याकाळी

आठ कुंड्यांसाठी मँकोझेब आणि सायमोक्झॅनिल? घरच्या भाजीवर हेच मारायचं तर मंडईतून आणलेली काय वाईट? आंबट ताक लिटरला ५० मिली, आठवड्यातून दोनदा, शिवाय लिटरला ५ ग्रॅम खायचा सोडा. सेंद्रिय गटांत सगळे हेच सांगतात. आणि सौम्यच हवं असेल तर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) आहे, ते तरी नैसर्गिक आहे.


पानावरचा_ठिपका | १३ ऑगस्ट, रात्री

मिरचीताई, रसायन नको हा आग्रह मला पटतो, पण यातले उपाय चुकीच्या रोगावर लावले जातायत. खायचा सोडा भुरीवर (पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीवर) काही अंशी चालतो, कारण भुरी पानाच्या वर वाढते. करपा पानाच्या आत असतो. शिवाय तो सोडा रोज मारत गेलं तर पानांच्या कडा जळतात आणि कुंडीत सोडियम साठतं. ताकाचंही तसंच. कोरड्या हवेत भुरीवर फरक दिसतो. पण रिपरिप पावसात ताक पानावर टिकतच नाही, आणि चुकून टिकलं तर काळी काजळी धरतं. कडुनिंबाचं तेल मावा, पांढरी माशी यांच्यासाठी ठेवा.

ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास किंवा बॅसिलस सबटिलिस हे रोगाला रोखणारे उपयोगी सूक्ष्मजीव वापरायचे असतील तर ते रोग येण्याआधी, रोप लावल्यापासून. स्युडोमोनास किंवा बॅसिलसची फवारणी लिटरला ५ ते १० ग्रॅम, दर आठ-दहा दिवसांनी. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून मातीत द्यायचा. ही जिवंत माणसं आहेत असं समजा: ज्या आठवड्यात तांबं मारलं त्या आठवड्यात त्यांना बोलावू नका. आता गच्चीत फायटोप्थोरा उभा असताना एकट्या यांच्यावर भिस्त ठेवणं म्हणजे सहा झाडं पणाला लावणं.

आणि बोर्डो ‘नैसर्गिक’ आहे हे डोक्यातून काढा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. सेंद्रिय शेतीत त्याला मुभा आहे, पण तांबं हा धातू आहे आणि तो कुजत नाही. शेतात तो पसरतो, १५ इंची बॅगेत मात्र दर हंगामाला साठत जातो. आधी गांडुळं कमी होतात, मग मुळं खुरटतात. म्हणून तांबं मारताना बॅगेच्या तोंडावर वर्तमानपत्र पसरून ठेवा, गळालेलं मातीत जाणार नाही. एका हंगामात चार-पाच फवारण्यांच्या पुढे जाऊ नका. एकदा तांबं, एकदा मँकोझेब असं आलटून पालटून करा. मँकोझेब मारल्यावर किमान सात दिवस फळ तोडायचं नाही, आणि लेबलवर त्याहून जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे. पाकिटावरचा त्रिकोण बघा. हिरवा सगळ्यात कमी विषारी, मग निळा, पिवळा, आणि लाल सगळ्यात जास्त. पिवळा-लाल घरच्या गच्चीत आणायचं कारणच नाही.

यातलं काहीच मारायचं नसेल तर तेही चालेल. मग सरळ पावसाळ्यात टोमॅटो लावायचा नाही. हा पर्याय कुणी सुचवत नाही, पण तो सगळ्यात स्वस्त आहे.


मोरचूद_आणि_चुना | १४ ऑगस्ट, सकाळी

बोर्डोचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण निम्मे लोक ते चुकीचं करतात आणि झाड जाळून घेतात.

फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडलं. केवडा आणि उशिरा येणारा करपा यांना आणणारे जीव एकाच कुळातले, म्हणून ते इथेही चालतं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा, ते झोपेतही बोर्डो करतील.

द्राक्षाला एक टक्का चालतं. टोमॅटोचं पान कोवळं असतं, त्याला अर्धा टक्का पुरे. म्हणजे एका लिटरला ५ ग्रॅम मोरचूद आणि ५ ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या मगात अर्धा लिटर पाण्यात विरघळू द्या, खडे असतील तर रात्रभर. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं अजिबात नको. दुसऱ्या मगात कळीवर थोडं पाणी शिंपडून ती फुलू द्या, मग अर्धा लिटर करून फडक्यातून गाळा. दोन्ही गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. उलट करू नका, कण जाड होतात आणि तळाशी बसतात. रंग आकाशी यायला हवा.

मग परीक्षा: घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा ब्लेड मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते पान जाळणार. थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलं तर ते फाटतं.

चुन्यात लोक दोन चुका करतात. पानाच्या टपरीवरचा डबीतला चुना ओला असतो, त्यात पाणी किती ते कळत नाही, म्हणून वजन फसतं. आणि पिशवीतली विझवलेल्या चुन्याची पावडर वापरली तर ५ ग्रॅमच्या जागी साडेसहा ते सात ग्रॅम घ्यावी लागते, कारण विझताना त्यात पाणी धरलेलं असतं. हंगामभर उघडी पडलेली कळी घेऊ नका, ती हवेत मेलेली असते.

एवढी उस्तवार नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी घ्या, काम तेच आहे. मात्र दोन्हींना एक पथ्य: फवारल्यावर पान दिवसभर ओलंच राहणार असेल तर त्या दिवशी तांबं नको. हळूहळू वाळणाऱ्या थेंबातलं तांबं पानात उतरतं आणि कडांना तपकिरी चट्टे पडतात. मग लोक त्याला करपा समजून आणखी तांबं मारतात.


गच्चीवरचं_छप्पर | १४ ऑगस्ट, दुपारी

औषधावर एवढी चर्चा झाली, छपराचं नाव कुणी काढलं नाही. या दोन्ही रोगांना सगळ्यात आधी ओलं पान लागतं. पान ओलं राहण्याचे तास कमी केले की निम्मं काम तिथेच झालं.

आठ बॅगांसाठी १० बाय ५ फुटांचं छप्पर पुरतं. २०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा पारदर्शक पॉलीहाऊसचा कागद घ्या. साधा मेणकापडाचा कागद एका उन्हाळ्यात भुगा होतो. एक इंची पीव्हीसी पाइप किंवा बांबूचा सांगाडा करा. एका बाजूला सात फूट, दुसऱ्या बाजूला सहा फूट, म्हणजे पाणी साचणार नाही. झाडाच्या शेंड्यापासून कागद दीड-दोन फूट वर हवा. चारही बाजू उघड्या ठेवा. बाजू झाकल्या की आत वाफ कोंडते आणि कागदाला आतून सुटलेले थेंब पानावर पडतात, मग छप्पर असून नसल्यासारखं.

आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. उताराची खालची बाजू त्या अंगाला करा आणि तिथे कागद दीड फूट बाहेर काढा. तुमची पहिली दोन झाडं पश्चिम कठड्यालगतचीच गेली, तेही उगाच नाही. वारजे, बावधन, सूस या पट्ट्यात हडपसर-वाघोलीपेक्षा पाऊस जास्त, त्यामुळे पूर्वेकडच्या मित्राच्या गच्चीत जे उघड्यावर जमतं ते इथे जमेलच असं नाही. गच्चीवर वारा जोरात असतो. प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या २० लिटरच्या कॅनला बांधा, आणि कागदाला दर दोन फुटांवर क्लिप लावा.

हिरवी शेडनेट हे छप्पर नाही. पाऊस तिच्यातून गाळून खाली येतो, ऊन अडतं, वारा मंदावतो. करप्यासाठी याहून सोयीचं काही नसेल.

छपराखाली पाणी तुम्हालाच द्यायचं आहे हे विसरू नका. सकाळी, बुंध्याशी, झारीचं तोंड काढून. मातीत बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. बॅगांत मध्यापासून मध्यापर्यंत दोन फूट अंतर ठेवा. मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला दोन इंच पसरा, म्हणजे माती उडून पानावर जात नाही. मात्र खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा सडतो. दमट दिवसांत परागकण चिकटून बसतात, म्हणून दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने टिचकी मारा.

खताचं थोडक्यात: युरिया किंवा ताजी शेणस्लरी ओतून झाड गर्द हिरवं करू नका, लुसलुशीत पान फायटोप्थोराला आवडतं. उलट फळं धरल्यावर उपाशी ठेवलंत तर अल्टरनेरिया येतो. पंधरवड्याला दोन मुठी गांडूळखत, आणि फळधारणेनंतर ०:०:५० (पोटॅशचं विद्राव्य खत) लिटरला ३ ते ५ ग्रॅम मुळाशी.

आता हंगाम. जूनमध्ये लावून ऑगस्टात करप्याशी झुंजण्यापेक्षा बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आडोशाला पेरा. २५ ते ३० दिवसांनी, हस्ताच्या सुमारास, रोपं बॅगेत जातात. परतीचा पाऊस आडवा आला तर छप्पर आहेच. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात झाड तयार होतं, नोव्हेंबरात फुलतं आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळं देतं. या काळातही अवकाळी पाऊस, आणि पाठोपाठ चार-पाच दिवस ढग आणि धुकं असं झालं तर उशिरा येणारा करपा येऊ शकतो. त्या आठवड्यात एक प्रतिबंधक फवारणी करा, एरवी गरज पडू नये.

वाण विचारून घ्या, नुसतं ‘संकरित’ पुरेसं नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे लवकर येणारा करपा, जिवाणूजन्य मर आणि पर्णगुच्छ (पानं वाटीसारखी वळवणारा विषाणूरोग) यांना दाद देत नाहीत. अर्का अभेद त्यांच्या जोडीला उशिरा येणाऱ्या करप्यालाही प्रतिकारक आहे. हे संकरित आहेत, फळातलं बी पुन्हा पेरलं तर तेच गुण मिळत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री चवीला चांगले, पण ते हिवाळ्यासाठी ठेवा.


ओली_कुंडी | १७ ऑगस्ट, सकाळी

सगळ्यांचे आभार. दोन झाडं पिशवी घालून काढली, काल उघडीप मिळाली तेव्हा बाकीच्यांवर सायमोक्झॅनिलचं मिश्रण मारलं. एका झाडावर आज दोन नवे तेलकट ठिपके आहेत, पानं काढली. शेवटचे दोन प्रश्न: काढलेल्या झाडांवरची दीडेक किलो हिरवी फळं फेकून द्यायची का? आणि त्या दोन बॅगांमधल्या मातीचं काय करू? ऑक्टोबरात त्यातच पुन्हा टोमॅटो लावता येतील का?


मोरचूद_आणि_चुना | १७ ऑगस्ट, दुपारी

त्या झाडावरचे नवे ठिपके हे फवारणीआधीच्या लागणीचे आहेत. खोड बघत राहा, पट्टा दिसला तर तेही काढा. पुढची फवारणी २२-२३ तारखेला, या वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड.

फळं फेकू नका. डाग नसलेली निवडा, धुऊन कोरडी पुसा आणि वर्तमानपत्रावर एकमेकांना न लागता एका थरात घरात ठेवा. ज्यांच्या बुडाला पांढरट छटा आलेली आहे ती आठवड्या-दोन आठवड्यांत लाल होतील. रोज बघा. आत लागण असलेलं फळ दोन-चार दिवसांत तपकिरी पडतं, ते लगेच उचला. अगदी कच्ची राहिली त्यांची शेंगदाण्याचं कूट घालून चटणी करा. डागाळलेल्या फळांचं सॉस किंवा टिकाऊ प्युरी मात्र करू नका. कुजलेल्या फळात आंबटपणा कमी होतो, आणि बरणी टिकते ती त्या आंबटपणावर.


पानावरचा_ठिपका | १७ ऑगस्ट, रात्री

मातीबद्दल. फायटोप्थोराला साधारणपणे जिवंत झाड लागतं, मुळं आणि काड्या पूर्ण कुजल्या की तो बहुतेक संपतो. पण अल्टरनेरिया सुक्या काडीकचऱ्यात वर्षभर आणि त्याहूनही जास्त तग धरतो, आणि तो तुमच्या आठही बॅगांत आहे. म्हणून ऑक्टोबरात या मातीत टोमॅटो नको. वांगी, मिरची, बटाटाही नको, सगळी एकाच कुळातली. मेथी, पालक, घेवडा, मुळा, झेंडू घ्या, शक्यतो दोन वर्षं. टोमॅटोसाठी नव्या बॅगा भरा: दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. प्रत्येक बॅगेला ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा आठवडाभर आधी ओलसर खतात मिसळून सावलीत झाकून ठेवा आणि मग घाला.

जुनी माती उन्हाळ्यात तापवून घ्या. एप्रिल-मेमध्ये ती गच्चीवर सहा-आठ इंच थरात पसरा, मुळं आणि काड्या वेचून काढा आणि पाणी मारून ओली करा. कोरडी माती आतपर्यंत तापत नाही. वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं प्लॅस्टिक नको. ते स्वतः तापतं, माती तितकी तापत नाही.

बांबूच्या काठ्या आणि ट्रे ब्लीचमध्ये (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) दहा मिनिटं बुडवून उन्हात वाळवा. सुतळी मात्र टाकून द्या, दहा रुपयांच्या सुतळीत अख्ख्या हंगामाचे बीजाणू बसलेले असतात.